रोमचा बिशप निवडताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

21 एप्रिल 2025 रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले आणि 8 मे रोजी कार्डिनल रॉबर्ट फ्रान्सिस प्रीव्होस्ट हे चौदावे लिओ या नावाने पोप झाले. मधल्या अडीच आठवड्यांत दूरचित्रवाणीवर धुराडे, लाल झगे आणि बंद दरवाजे इतक्या वेळा दाखवले गेले की त्यामागची पद्धत समजून घेण्याची इच्छा अनेकांना झाली असावी, कारण या विषयावर आमच्याकडे बरीच पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : या निवडणुकीत उमेदवारी अर्ज नसतो आणि प्रचारही नसतो, असे वाचले. मग मत कोणाला द्यायचे हे ठरते तरी कसे? शिवाय जगभर पसरलेल्या एवढ्या मोठ्या समाजाचा प्रमुख केवळ 133 पुरुषांनीच का निवडायचा? सामान्य कॅथलिक माणसाला त्यात काहीच स्थान नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दुसऱ्या शंकेपासून सुरुवात केली तर पहिलीचे उत्तर देणे सोपे जाते. पोप म्हणजे सर्वप्रथम रोम शहराचा बिशप. येशूचा शिष्य संत पीटर रोममध्ये हुतात्मा झाला आणि तेथील बिशप हा त्याचा वारसदार आहे, या श्रद्धेवर पोपपदाचे जागतिक महत्त्व उभे आहे. परंतु निवडणूक होते ती रोमच्या बिशपची. पहिल्या काही शतकांत अन्य कोणत्याही शहराप्रमाणे रोमचा बिशपही तेथील धर्मगुरू आणि रहिवासी मिळून निवडत असत. म्हणजे सामान्य माणसाला स्थान होते. मात्र त्याचबरोबर दंगलीही होत्या, रोमच्या सरदार घराण्यांची दांडगाई होती आणि आपल्या मर्जीतला माणूस बसवू पाहणारे सम्राटही होते. 1059 मध्ये पोप दुसरे निकोलस यांनी निवडीचा पुढाकार कार्डिनल-बिशपांकडे, म्हणजे रोमभोवतालच्या धर्मप्रांतांच्या बिशपांकडे सोपवला आणि 1179 मध्ये रोमला भरलेल्या बिशपांच्या सभेने, म्हणजे तिसऱ्या लॅटरन परिषदेने, दोनतृतीयांश बहुमताची अट घातली. सर्वसामान्यांचा आवाज या टप्प्यांवर विरत गेला आणि तो पुढे परत आला नाही, हे मान्य केले पाहिजे.

आता हे कार्डिनल कोण? मुळात ते रोमच्या प्रमुख चर्चचे धर्मगुरू, तेथील डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) आणि शहराभोवतालच्या धर्मप्रांतांचे बिशप होते. आज कार्डिनल गोव्यात राहत असेल किंवा आफ्रिकेतल्या किन्शासात, पण त्या पदावर येताना रोममधील एखादे चर्च नाममात्र त्याच्या स्वाधीन केले जाते. मुंबईचे माजी आर्चबिशप कार्डिनल ऑसवल्ड ग्रेशस यांच्या नावे असलेले चर्च कोर्व्हियाले या रोमच्या उपनगरात आहे. जवळजवळ एक किलोमीटर लांबीच्या एकाच सरकारी गृहसंकुलासाठी ही वस्ती ओळखली जाते. मुंबईच्या माणसाला तिथे फारसे परके वाटण्याचे कारण नाही. हा संकेत कागदावरचाच आहे, तरीही त्यावाचून ही निवडणूक उमगत नाही. गोव्याचे आर्चबिशप मत देतात ते गोव्याचे किंवा भारताचे प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर रोमच्या धर्मगुरुवर्गाचे सदस्य म्हणून. त्यामुळे देशनिहाय लोकसंख्या आणि मतसंख्या यांचे गुणोत्तर काढून अन्याय शोधणारे लेख मूळ मुद्द्याला वळसा घालून जातात.

उमेदवार नसतो हे खरे, पण चर्चा होत नाही असे नाही. मतदानाआधी सर्व कार्डिनलांच्या सभा दररोज भरतात; यंदा त्या 22 एप्रिलला सुरू झाल्या. ऐंशी वर्षांवरील कार्डिनलांना मत नसते, पण तेथे त्यांनाही बोलता येते. यंदाचे मतदार सुमारे 70 देशांतून आले होते आणि 133 पैकी 108 जणांना पोप फ्रान्सिस यांनीच नेमले होते. त्यांतील अनेकांची एकमेकांशी नीट ओळखही नव्हती. त्यामुळे या सभांतले प्रत्येकाचे काही मिनिटांचे भाषण, मधल्या वेळेतली कॉफी आणि रात्रीची जेवणे यांतूनच माणसे पारखली जातात. वृत्तपत्रे ज्यांना आघाडीवर ठेवतात त्यांना त्याचा लाभ होतोच असे नाही. प्रीव्होस्ट यांचे नाव काही याद्यांत होते, पण अमेरिकेच्या नागरिकाला पोप करणार नाहीत, असे सांगून ते बहुतेक ठिकाणी मागे टाकले जात होते.

एक बंधन मात्र आपल्याकडील वाचकांना विशेष रोचक वाटेल. ‘मी निवडून आलो तर अमुक करीन’ असा करार किंवा वचन कार्डिनलांनी आपसांत देण्यास मनाई आहे, आणि दिलेच तर ते रद्दबातल ठरते. मध्ययुगात असे करार सर्रास होत आणि निवडून आलेले पोप ते तितक्याच सर्रास मोडत. म्हणजे येथे जाहीरनामाच बेकायदा आहे. याहून धारदार तरतूद पैशांबाबत आहे. मते विकत घेणारा आपोआप धर्मबहिष्कृत होतो, पण झालेली निवड मात्र वैध राहते. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते. मात्र लाचेच्या आरोपावरून निवड रद्द करता आली असती, तर प्रत्येक पराभूत गटाने तोच आरोप केला असता आणि चर्चला एकाच वेळी दोन पोप मिळण्याची वेळ पुन्हा आली असती. ही तरतूद मला या संपूर्ण नियमावलीतील सर्वांत शहाणी वाटते.

प्रश्न : कार्डिनलांना कोंडून ठेवण्याची प्रथा कशी सुरू झाली? छप्पर काढून टाकल्याची गोष्ट खरी की दंतकथा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पोप चौथे क्लेमेंट 29 नोव्हेंबर 1268 रोजी इटलीतील व्हितेर्बो या गावी वारले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जेथे पोपचे निधन होई तेथेच निवडणूक होई, म्हणून कार्डिनल तेथे जमले. त्यांची संख्या जेमतेम वीसच्या आत होती, पण फ्रेंच राजघराण्याला अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन गट पडल्याने दोनतृतीयांश मते कोणालाच मिळेनात. महिने लोटले, वर्ष उलटले. पाहुण्यांचा आणि त्यांच्या नोकरचाकरांचा भार वाहून गावकरी कंटाळले. अखेर त्यांनी कार्डिनलांना बिशपांच्या वाड्यात कोंडले, जेवण आखडते घेतले आणि सभागृहाचे छप्परही उतरवले. याच्या जोडीला रंगवून सांगितल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी नंतरच्या असाव्यात, परंतु कोंडणे आणि छप्पर उतरवणे यांना त्या काळच्या कागदपत्रांचा आधार आहे.

एवढे होऊनही निकाल लागला तो 1 सप्टेंबर 1271 रोजी, म्हणजे पोपपद तीन वर्षांना केवळ तीन महिने कमी इतका काळ रिकामे राहिले. ज्यांची निवड झाली ते तेओबाल्दो व्हिस्कोंती त्या खोलीत नव्हते, इटलीतही नव्हते आणि कार्डिनलही नव्हते. ते धर्मयुद्धाच्या निमित्ताने पूर्वेकडे आक्रे (आजच्या इस्रायलमधील बंदर) येथे होते. दहावे ग्रेगरी हे नाव घेतलेल्या या पोपनी फ्रान्समधील ल्यों येथील धर्मपरिषदेत 1274 मध्ये नियमच केला : कार्डिनलांना एकत्र बंद ठेवावे, तीन दिवसांत निर्णय झाला नाही तर पुढचे पाच दिवस प्रत्येक जेवणात एकच पदार्थ द्यावा, त्यानंतर फक्त भाकर, पाणी आणि द्राक्षरस. कार्डिनलांना हा नियम आवडला नाही, हे सांगायला नकोच. दोनच वर्षांत तो स्थगित झाला आणि लांबणीही परतली. 1292 पासून पुन्हा दोन वर्षांहून अधिक काळ पोपपद रिक्त राहिले. 1294 मध्ये निवडून आलेल्या पाचव्या सेलेस्टिन यांनी ग्रेगरींचा नियम पुन्हा लागू केला आणि काही महिन्यांतच स्वतः पदत्याग केला.

आता उपासमार नाही. कार्डिनल व्हॅटिकनमधील सांता मार्ता या अतिथिगृहात राहतात, जेथे पोप फ्रान्सिस बारा वर्षे राहिले; खिडक्या बंद केलेल्या असतात, फोन काढून घेतलेले असतात आणि मोबाइलचे संदेश अडवणारी यंत्रणा चालू असते. विसाव्या शतकापासून एकाही निवडणुकीला आठवडा लागलेला नाही. 1922 मध्ये 14 फेऱ्या झाल्या होत्या, यंदा चारच.

प्रश्न : शाळेत मुलांनी विचारले की काळा आणि पांढरा धूर नेमका कसा काढतात, आणि दिवसात चार वेळा मतदान होत असताना धूर दोनदाच का दिसतो? मला उत्तर देता आले नाही. मतदानाची प्रत्यक्ष रीतही सांगावी. (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : मतदान सिस्टाईन चॅपेलमध्ये होते. मतपत्रिका आयताकृती असते. तिच्या वरच्या भागावर ‘मी सर्वोच्च धर्मगुरू म्हणून निवडतो’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द छापलेले असतात आणि खालची जागा नाव लिहिण्यासाठी कोरी असते. आपले हस्ताक्षर ओळखता येणार नाही अशा पद्धतीने नाव लिहावे, असा स्पष्ट नियम आहे, आणि सत्तरी गाठलेले विद्वान धर्मगुरू मुद्दाम वळण बदलून लिहीत बसलेले डोळ्यांसमोर आणले तर गंमत वाटते. पत्रिका दुमडून, सर्वांना दिसेल अशी हात वर करून धरून, कार्डिनल ज्येष्ठताक्रमाने वेदीकडे जातो. समोरच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने रंगवलेला अंतिम न्यायाचा देखावा असतो. माझा न्याय करणाऱ्या ख्रिस्ताला साक्षी ठेवून, देवासमोर जो निवडला जावा असे मला वाटते त्यालाच मी मत देत आहे, अशी शपथ तो मोठ्याने घेतो. मग पत्रिका तबकावर ठेवायची, तबक तिरके करायचे आणि ती पात्रात सोडायची. पत्रिका थेट हाताने टाकायची नाही, कारण तबकावर एकच पत्रिका आहे हे सर्वांना दिसले पाहिजे.

मोजणी करणारे तिघे चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. या चिठ्ठ्या काढण्याचे काम सर्वांत कनिष्ठ कार्डिनल-डीकनकडे असते, आणि यंदा तो मान केरळचे कार्डिनल जॉर्ज जेकब कूवाकाड यांच्याकडे होता. आधी न उघडता पत्रिकांची संख्या मोजतात. ती मतदारांच्या संख्येशी जुळली नाही तर एकही पत्रिका न उघडता सगळ्या जाळतात आणि मतदान लगेच पुन्हा घेतात. संख्या जुळली तर पहिला मोजणीदार पत्रिका उघडून नाव मनात वाचतो, दुसराही तसेच करतो आणि तिसरा ते मोठ्याने वाचतो. वाचून झालेली प्रत्येक पत्रिका छापील लॅटिन शब्दांपैकी पहिल्याच शब्दातून सुई घालून दोऱ्यात ओवतात आणि शेवटी दोऱ्याला गाठ मारतात. त्यानंतर दुसरे तिघे या तिघांच्या कामाची फेरतपासणी करतात. आजारी असल्यामुळे अतिथिगृहातील खोलीतच असलेल्या कार्डिनलांची मते कुलूपबंद पेटीत आणण्यासाठी आणखी तिघे असतात. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने ही निवड होते, असे मानणाऱ्यांनी माणसावर इतका थोडा विश्वास ठेवावा, हे मला दोष म्हणून नव्हे तर अनुभवाचे फळ म्हणून सांगावेसे वाटते.

आता धूर. पहिल्या दिवशी दुपारनंतर एकच फेरी होते. पुढे रोज सकाळी दोन आणि दुपारी दोन. सकाळच्या दोन्ही फेऱ्यांचे कागद एकत्र जाळले जातात, तसेच दुपारचेही; म्हणून एरवी धूर दिवसातून दोनदाच दिसतो. मात्र सकाळच्या किंवा दुपारच्या पहिल्याच फेरीत निवड झाली तर पांढरा धूर तत्काळ निघतो. पूर्वी ओल्या गवताच्या साहाय्याने रंग साधत आणि त्यातून फजिती होई. 1958 मध्ये आधी पांढरा भासलेला धूर नंतर काळा झाला आणि चौकातल्या जमावासह आकाशवाणी केंद्रेही फसली. आता कागद जाळण्याच्या 1939 पासूनच्या लोखंडी शेगडीशेजारी दुसरी यांत्रिक शेगडी असते. व्हॅटिकनने 2013 मध्ये दिलेल्या माहितीनुसार काळ्या धुरासाठी पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासीन आणि गंधक वापरतात, तर पांढऱ्यासाठी पोटॅशियम क्लोरेट, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज आणि पाइनच्या झाडाची राळ. शंकेला जागा राहू नये म्हणून 2005 पासून पांढऱ्या धुराबरोबर घंटाही वाजवतात. 8 मे रोजी त्या वाजल्या तेव्हा रोममध्ये संध्याकाळचे सहा आणि भारतात रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते.

कोणाला किती मते पडली, हे अधिकृतपणे कधीच जाहीर होत नाही. निकालाचा कागद मोहोरबंद पाकिटात ठेवला जातो आणि पोपच्या परवानगीवाचून कोणी ते उघडू शकत नाही. वर्तमानपत्रांत फेरीनिहाय आकडे छापून येतात ते ऐकीव असतात. मुलांना एवढेच सांगावे की 133 मतदारांत दोनतृतीयांशासाठी 89 मते लागत होती आणि चौथ्या फेरीत ती किंवा त्याहून अधिक मिळाली.

प्रश्न : एवढी कडक गुप्तता कशासाठी? लोकशाहीच्या काळात ती संशयास्पद वाटत नाही का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : संशय येणे स्वाभाविक आहे, पण ही गुप्तता आधी जनतेविरुद्ध नव्हे, तर राजांविरुद्ध उभारली गेली. ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि स्पेन या कॅथलिक सत्तांना एखाद्या नावावर नकाराधिकार वापरता येतो, असा संकेत कित्येक शतके चालत आला होता. तो शेवटचा वापरला गेला 1903 मध्ये. कार्डिनल रामपोल्ला यांची मते वाढत असताना क्राकोचे कार्डिनल पुझिना यांनी उभे राहून ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा त्यांना विरोध असल्याचे जाहीर केले. सभागृहात संताप उसळला, पण रामपोल्ला निवडून आले नाहीत; व्हेनिसचे कार्डिनल सार्तो दहावे पायस झाले. गंमत अशी की ज्यांचा या नकाराधिकारामुळे लाभ झाला, त्याच पायस यांनी पुढच्याच वर्षी तो कायमचा रद्द केला आणि कोणत्याही सरकारचा असा निरोप घेऊन येणाऱ्या कार्डिनलास धर्मबहिष्काराची शिक्षा ठेवली. ती तरतूद पोप दुसरे जॉन पॉल यांच्या 1996 च्या नियमावलीतही कायम आहे.

आज सम्राट नाहीत, परंतु सरकारे, माध्यमे आणि धनिक गट आहेतच. बाहेरचा दबाव आत पोहोचू नये आणि आत दिलेल्या मताची किंमत बाहेर आल्यावर मोजावी लागू नये, यासाठी गुप्तता टिकवणे मला समर्थनीय वाटते. मात्र निवडीनंतर पन्नासेक वर्षांनी ते आकडे अभ्यासकांना खुले करण्यास काय हरकत असावी, या आपल्या पत्रातील पुढच्या मुद्द्याशी मी सहमत आहे.

प्रश्न : मुंबईच्या कार्डिनलांनी या वेळी मतदान का केले नाही? भारतातून कोण होते? आणि भारतीय पोप कधी होईल का? आमच्या धर्मग्रामात यावर बरीच चर्चा झाली. (काही वाचक, वसई)

उत्तर : पोपपद रिक्त होण्याच्या दिवसापूर्वी ज्याला ऐंशी वर्षे पूर्ण झाली असतील त्याला मताधिकार राहत नाही. सहावे पॉल यांनी वयाची ही मर्यादा 1970 मध्ये घातली. कार्डिनल ग्रेशस 24 डिसेंबर 2024 रोजी ऐंशी वर्षांचे झाले. चार महिन्यांच्या फरकाने त्यांचे मत गेले. आधीच्या सभांत सहभागी होण्याचा अधिकार मात्र त्यांना होता. त्यांच्यानंतर मुंबईचे आर्चबिशप झालेले जॉन रॉड्रिग्ज कार्डिनल नव्हते. म्हणून मुंबईचा वाटा या वेळी नव्हता.

एरवी मुंबईचा या निवडणुकीशी संबंध जुना आहे. 1953 मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झालेले व्हॅलेरियन ग्रेशस यांनी 1958 आणि 1963 मध्ये मतदान केले. ऑगस्ट 1978 मध्ये आजारपणामुळे ते रोमला जाऊ शकले नाहीत आणि सप्टेंबरात वारले. मरोळला जन्मलेले सायमन पिमेंटा 1988 मध्ये कार्डिनल झाले, पण दुसरे जॉन पॉल यांची कारकीर्द एवढी दीर्घ ठरली की 2005 मध्ये निवडणूक आली तेव्हा पिमेंटा 85 वर्षांचे होते. कार्डिनल असूनही मत देण्याचा योग त्यांना आलाच नाही. त्या वर्षी मुंबईचे आयव्हन डायस मतदार होते आणि काही इटालियन वृत्तपत्रांनी त्यांचे नाव संभाव्य पोप म्हणूनही घेतले होते. 2013 मध्ये डायस आणि ऑसवल्ड ग्रेशस असे दोघे होते.

यंदा भारताचे चार मतदार होते : गोवा आणि दमणचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव, जे मूळचे बार्देशातील हळदोण्याचे; हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला, जे कार्डिनल झालेले पहिले दलित मानले जातात; तिरुवनंतपुरमचे, पोपना मानणाऱ्या पूर्वेकडील परंपरेच्या सिरो-मलंकार चर्चचे प्रमुख बासेलिओस क्लीमिस; आणि वर उल्लेख आलेले कूवाकाड, ज्यांनी पोपच्या परदेश दौऱ्यांची आखणी अनेक वर्षे सांभाळली.

भारतीय पोप होण्यास नियमांची आडकाठी नाही. सिद्धांततः बाप्तिस्मा घेतलेला कोणताही कॅथलिक पुरुष निवडता येतो, आणि तो बिशप नसेल तर त्याला लगेच बिशपपदाची दीक्षा देतात. प्रत्यक्षात कार्डिनल नसलेला शेवटचा पोप 1378 मधला. आशियाही नवा नाही. आठव्या शतकातील तिसरे ग्रेगरी सीरियाचे होते. पण मला विचाराल तर अडचण संख्येची नसून परिचयाची आहे. पोप होणाऱ्या माणसाला इटालियन उत्तम यावे, रोमचा कारभार आतून माहीत असावा आणि तरीही तो रोमच्या गटबाजीतला नसावा, अशी परस्परविरोधी अपेक्षा असते. प्रीव्होस्ट तिच्यात बसले, कारण शिकागोत जन्म, पेरूच्या चिक्लायो धर्मप्रांतात बिशप म्हणून काम, ऑगस्टिनियन संघाचे जागतिक प्रमुखपद आणि 2023 पासून बिशपांच्या नेमणुका पाहणाऱ्या विभागाची सूत्रे, हे सगळे त्यांच्याकडे होते. भारतीय कार्डिनलांत डायस यांच्याकडे असा अनुभव होता. ते व्हॅटिकनचे राजदूत राहिले होते आणि 2006 ते 2011 या काळात सुवार्ताप्रसाराचे खाते त्यांच्याकडे होते.

त्याच खात्याचा वसईशी आजही थेट संबंध आहे. 1998 मध्ये मुंबईतून वेगळ्या झालेल्या आपल्या धर्मप्रांताच्या बिशपांची नेमणूक प्रीव्होस्ट यांच्या जुन्या विभागातून नव्हे, तर याच खात्यातून होते, आणि 2022 च्या फेररचनेपासून या खात्याचे प्रमुख खुद्द पोप असतात. तेव्हा वसईच्या पुढच्या महागुरुस्वामींच्या नावाची फाइल चौदाव्या लिओंच्या दोन टोप्यांखालून जाईल, असे म्हणता येईल.

प्रश्न : आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. पोप बदलल्याने आमच्यात काही बदलते का? शेजारी अभिनंदन करतात तेव्हा काय म्हणावे कळत नाही. (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : धर्मशासनाच्या दृष्टीने काहीही बदलत नाही. 1970 मध्ये नागपूर येथे स्थापन झालेले आपले चर्च प्रोटेस्टंट परंपरेतले असून पोपचा अधिकार मानत नाही; आपले बिशप आपल्याच पद्धतीने निवडले जातात. शेजाऱ्यांना ‘धन्यवाद’ म्हणून पुढे हवे तर एवढे समजावून सांगावे.

प्रश्न : नवीन पोपनी लिओ हेच नाव का घेतले? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : निवडीनंतर दोन दिवसांनी कार्डिनलांसमोर बोलताना त्यांनी स्वतःच कारण सांगितले. तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले. कारखानदारीने माणसाची घडी विस्कटलेल्या त्या काळात त्यांनी न्याय्य वेतन आणि कामगार संघटनांचा हक्क उचलून धरला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रम आणि मानवी प्रतिष्ठा यांपुढे तशीच आव्हाने उभी आहेत, असे चौदाव्या लिओंचे म्हणणे आहे. ते गणिताचे पदवीधर आहेत, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. नाव बदलण्याची सक्ती कोणत्याही नियमात नाही. 533 मध्ये मर्क्युरियस नावाच्या धर्मगुरूची निवड झाली. रोमन देवतेचे नाव पोपला शोभणार नाही म्हणून तो दुसरा जॉन झाला, आणि पुढे केव्हातरी हा रिवाज पडला.

प्रश्न : मतदारांची संख्या 120 हून अधिक असू नये असा नियम असताना यंदा 133 जणांनी मत दिले. मग ही निवड वैध कशी? बहुमताचे नियमही अनेकदा बदलल्याचे वाचले. हे नियम बदलतो कोण? (एक वाचक, सध्या न्यू जर्सी)

उत्तर : पोप, आणि केवळ पोप. पद रिक्त असताना कार्डिनलांना नियमांतला स्वल्पविरामही हलवता येत नाही. 120 ची मर्यादा सहावे पॉल यांनी 1975 मध्ये घातली. फ्रान्सिस यांनी ती ओलांडून कार्डिनल नेमले. यंदा पात्र 135 होते आणि दोघे प्रकृतीमुळे आले नाहीत. 30 एप्रिल रोजी कार्डिनलांच्या सभेने जाहीर केले की, पोपनी स्वतःच अधिक नेमणुका केल्या यातच त्यांनी त्या मर्यादेतून सूट दिली आहे, म्हणून प्रत्येकाला मताधिकार आहे. तर्क बिनतोड आहे, पण लेखी दुरुस्ती आधीच झाली असती तर हा खुलासा करण्याची वेळ आली नसती.

बहुमताबाबतची हकीकत अधिक बोलकी आहे. कोणी स्वतःलाच मत देऊन दोनतृतीयांशाचा काठ गाठू नये म्हणून बारावे पायस यांनी 1945 मध्ये त्यावर एक मत वाढवले. दुसरे जॉन पॉल यांनी 1996 मध्ये ते जादा मत काढले आणि तीसहून अधिक फेऱ्यांनंतरही निकाल न लागल्यास साध्या बहुमताची वाट खुली केली. हेतू कोंडी फोडण्याचा होता, परंतु परिणाम उलटा झाला असता. निम्म्याहून अधिक मते असलेल्या गटाला तडजोड करण्याची गरजच उरत नव्हती. दहा-बारा दिवस स्वस्थ बसले की काम फत्ते. सोळावे बेनेडिक्ट यांनी 2007 मध्ये ती वाट बंद केली. आता इतक्या फेऱ्यांनंतर फक्त पहिल्या दोन नावांत मतदान होते, त्या दोघांना स्वतः मत देता येत नाही, आणि तेव्हाही दोनतृतीयांश मते लागतातच. व्हितेर्बोची पुनरावृत्ती होण्याची शक्यता त्यामुळे कागदोपत्री पुन्हा उघडी झाली आहे, पण अल्पमतातल्यांना डावलून निवडलेला पोप मिळण्यापेक्षा ती जोखीम बरी, असे बेनेडिक्ट यांना वाटले असावे. चौदावे लिओ यांनाही हे सर्व नियम बदलण्याचा पूर्ण अधिकार आहे. 120 हा आकडा ते पाळतात, वाढवतात की काढूनच टाकतात, हे त्यांच्या पुढच्या कार्डिनल-नेमणुकांतून कळेल.